इंजिन उघडलंय, मग सीसी वाढवायची का? निर्णयाचा क्रम, मोजमापं आणि हमखास होणाऱ्या चुका

इंजिन बांधायला काढलं की कोणी ना कोणी सुचवतंच, "उघडलंच आहे, तर सीसीपण वाढवून घे." सीसी म्हणजे इंजिनाची घनक्षमता. तिथून पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा होतो. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) आधी बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कापून रुंद करायला जातो, पिस्टन नंतर शोधले जातात आणि मापं त्याहून नंतर जुळवली जातात. गाडीला नेमकं काय कमी पडत होतं, हे विचारायची पाळी येते तेव्हा पैसे संपलेले असतात. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. सीसी वाढवावी की नाही याचं उत्तर पायरी ६ संपेपर्यंत मिळतं. पायरी ७ आणि ८ उत्तर 'हो' आलं तरच लागतील.

उदाहरणासाठी मुख्यतः एकच इंजिन घेतो: मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्यापासून नवव्या पिढीपर्यंत बसलेलं ४जी६३ टर्बो. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ८८ मिमी, १९९७ सीसी. त्याच घराण्यातल्या ४जी६४ चा स्ट्रोक १०० मिमी आहे, त्यामुळे '२.३ स्ट्रोकर' (मोठ्या स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे पिस्टन हलवणारा फिरता दांडा, टाकून केलेलं २.३ लिटरचं इंजिन) ही याच्यावरची नेहमीची वाट. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

## पायरी १: इंजिन खोलण्याआधी, गाडी अडते कुठे ते शोधा

चालू इंजिनाकडून जी माहिती मिळते, ती उघडलेल्या इंजिनाकडून मिळत नाही. म्हणून स्पॅनर लावण्याआधी एवढं करून घ्या:

१. चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन फिरवून दाब मोजणं) आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते मोजणं). इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली. हवा कुठून निसटते तेही ऐका: ऑइल फिलरमधून आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड.

२. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एक पूर्ण रन. शेवटचा आकडा बाजूला ठेवा आणि आलेख बघा. ताकद कुठल्या आरपीएमपासून सपाट होते? बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) पूर्ण कधी येतो, आणि वरच्या टोकाला टिकतो की गळतो?

३. इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात याची नोंद. ८५ टक्क्यांच्या वर असतील तर आहे त्या ताकदीलाच इंधन काठावर आहे. आपल्याकडे पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, आणि निव्वळ पेट्रोलपेक्षा त्याला तेवढ्याच हवेसाठी सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. ही गरज सीसी वाढवण्याआधीच तुमच्या इंजेक्टरवर येऊन बसलेली आहे.

मग एका वाक्यात लिहून काढा: "मला ही गाडी ___ साठी हवी आहे आणि ती आत्ता ___ ठिकाणी कमी पडते." घाटात वळणावरून बाहेर पडताना दम नाही, ही एक तक्रार. ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर शेवटी मागे पडते, ही वेगळी तक्रार. पहिलीवर सीसी हे औषध असू शकतं. दुसरीवर बहुतेक वेळा नसतं, आणि का नसतं ते पायरी ४ मध्ये दिसेल.

तपासा: वरचं वाक्य पूर्ण करता येत नसेल तर इंजिन खोलू नका. रिंग गेल्या असतील तर रिंग बदला, मूळ मापात बांधा आणि गाडी चालवा. त्यात काही कमीपणा नाही.

## पायरी २: नियम आणि कागद

स्पर्धेसाठी गाडी बनवत असाल तर गटाची सीसी मर्यादा आधी वाचा. बोअरची थोडी वाढ मान्य असते की नाही, स्ट्रोक बदललेला चालतो की नाही, हे नियमावलीत स्वतंत्रपणे लिहिलेलं असतं. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या पद्धतीत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गट ठरतो. म्हणजे टर्बो इंजिनात वाढवलेले १०० सीसी कागदावर १७० होतात. मर्यादेच्या जवळ असलेली गाडी अर्ध्या मिलिमीटरच्या बोअरने वरच्या गटात गेली, तर तिथे तिची गाठ तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांशी पडते.

रस्त्यावरच्या गाडीचं गणित वेगळं. आरसीवर घनक्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. विम्यातही खाजगी गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पे १००० आणि १५०० सीसीवर बदलतात. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

इशारा: 'बाहेरून दिसत नाही' हा बचाव नाही. सीसी वाढवलेली गाडी ट्रॅक आणि स्पर्धेसाठी वेगळी ठेवा. एकच गाडी असेल आणि तीच रोज रस्त्यावर न्यायची असेल, तर मूळ क्षमतेतच उत्तम बांधणी करा. परदेशातल्या वाचकांनी तिथले तपासणीचे आणि विम्याचे नियम आधी पाहावेत.

## पायरी ३: कागदावरचा हिशोब

एवढं करायला कॅल्क्युलेटर पुरतो. सगळ्यात जास्त पैसेही याच पायरीवर वाचतात.

बोअरने किती वाढतं?

सूत्र: ०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक × सिलिंडरची संख्या, मापं सेंटिमीटरमध्ये. ४जी६३ ला अर्धा मिमी ओव्हरसाइज केलं, म्हणजे ८५.५ मिमी, तर १९९७ चे २०२१ सीसी होतात. वाढ २४ सीसी, सव्वा टक्का. आपल्या ओळखीच्या जिप्सी किंगच्या इंजिनाचं तसंच: ७४ × ७५.५ मिमीचे १२९८ सीसी ०.५० ओव्हरसाइजने १३१६ होतात. एवढी वाढ स्टिअरिंगवर बसून कोणालाही जाणवणार नाही.

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ओव्हरसाइज बोअरिंग ही झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करण्याची दुरुस्ती आहे. ताकद वाढवण्याचा उपाय म्हणून ती कोणी विकत असेल तर घेऊ नका.

स्ट्रोकने किती वाढतं?

१०० मिमीचा क्रँक टाकला की ८५ बोअरवर २२७० आणि ८५.५ वर सुमारे २२९७ सीसी होतात. वाढ १५ टक्के. ही जाणवते. पण तिच्यासोबत चार गोष्टी बदलतात, आणि त्या चारही कागदावर मांडायच्या.

*पिस्टनचा सरासरी वेग.* स्ट्रोक मिलिमीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ३०,००० ने भागा. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं. ८८ मिमी स्ट्रोकला ८००० आरपीएमवर २३.५. १०० मिमी स्ट्रोकला त्याच ८००० वर २६.७. तो पुन्हा २३.३ वर आणायचा तर रेडलाइन (कमाल आरपीएमची मर्यादा) ७००० वर आणावी लागते.

*रॉडचं प्रमाण.* रॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची) लांबी भागिले स्ट्रोक. मूळ रॉड १५० मिमीचा, म्हणजे १५०/८८ = १.७०. नव्या क्रँकवर १५०/१०० = १.५०. रॉड जास्त तिरका होतो, पिस्टन भिंतीवर जास्त दाबला जातो आणि स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या बाजूची) झीज वाढते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा तो बारीक, घुमणारा थरथराटही त्याच आरपीएमवर सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो. अनेकजण याच बांधणीत बॅलन्स शाफ्टही काढून टाकतात, म्हणजे थरथराट वाढवायचा आणि तो शमवणारी सोयही घालवायची. ट्रॅकसाठी ठीक आहे. मुंबई-पुणे रोज करणाऱ्याला तीन महिन्यांत डॅशबोर्डचा प्रत्येक स्क्रू ओळखीचा होईल.

*पिस्टनची पिनपासून वरपर्यंतची उंची.* क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंत (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंत) ४जी६३ ला २२९ मिमी मिळतात. त्यातून रॉडचे १५० आणि अर्ध्या स्ट्रोकचे ४४ वजा केले की पिस्टनला ३५ मिमी उरतात. १०० मिमी क्रँकला २२९ − १५० − ५० = २९. म्हणजे पिन सहा मिमी वर सरकलेला खास पिस्टन लागतो, जुना चालत नाही. ही वजाबाकी न करता फक्त क्रँक आणून ठेवणारे लोक खरोखर आहेत.

*कॉम्प्रेशन रेशो.* इथे सर्वांत जास्त गफलत होते. रेशो म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. मूळ रेशो ८.८ आहे, म्हणजे एका सिलिंडरच्या ४९९ सीसीला पिस्टन वर असताना ६४ सीसी जागा उरते. सिलिंडर ५७४ सीसीचा झाला आणि ती जागा ६४ च राहिली, तर रेशो जवळजवळ १० होतो. बूस्ट तोच ठेवून तुम्ही नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) दारात जाऊन उभे राहिलात. पुन्हा ८.८ हवा असेल तर ती जागा सुमारे ७३.६ सीसी करावी लागते. म्हणजे पिस्टनच्या डिशमध्ये (माथ्यावरच्या खोलगट भागात) साडेनऊ सीसीहून जास्त भर. पिस्टन मागवताना हा आकडा लिहून द्यायचा असतो.

तपासा: चारही उत्तरं एका पानावर आणि प्रत्येकाखाली तुमची ठरलेली रेडलाइन. हे पान पुढे बोअरिंगवाल्याकडे आणि ट्यूनिंग करणाऱ्याकडे न्यायचं आहे.

## पायरी ४: हेड, कॅम आणि टर्बो पुरतात का?

ताकद हवेतून येते, आणि हवा हेडमधून (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातून) येते. खाली सिलिंडर मोठा केला म्हणून वरचे पोर्ट आणि व्हॉल्व्ह मोठे होत नाहीत.

सोपा हिशोब: इंजिन किती हवा ओढतं हे सीसी गुणिले आरपीएम यावर ठरतं. १९९७ सीसी ८००० ला जेवढी हवा मागतं, तेवढीच २२९७ सीसी सुमारे ६९५० ला मागतं. पिस्टनच्या वेगाचा हिशोबही आपल्याला ७००० वर घेऊन आला होता. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर तेच येतंय: त्याच हेडवर आणि कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) २.३ हे ७००० आरपीएमचं इंजिन आहे. टॉर्क साधारण १५ टक्क्यांनी वाढेल आणि लवकर येईल. पण कमाल ताकद हेड किंवा टर्बोपाशी अडलेली असेल, तर ती जिथल्या तिथे राहील, फक्त आधीच्या आरपीएमवर मिळेल.

होंडाने एस२००० मध्ये नेमकं हेच केलं. आधीचं एफ२०सी इंजिन ८७ × ८४ मिमी, १९९७ सीसी, साधारण ९००० आरपीएमपर्यंत जाणारं. २००४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत एफ२२सी१ आलं: तोच बोअर, स्ट्रोक ९०.७, २१५७ सीसी, रेडलाइन ८००० च्या आसपास. जाहीर ताकद दोन्हींची २४० हॉर्सपॉवर. आधी ती ८३०० ला मिळत होती, नंतर ७८०० ला. कमाल टॉर्क ७५०० वरून ६५०० वर उतरला आणि थोडा वाढला. रोजच्या रस्त्यावर दुसरं इंजिन नक्कीच सोयीचं. ज्याला ते ९००० चं रडणं हवं होतं, त्याच्यासाठी पहिलंच. दोन्ही चांगली इंजिनं आहेत. कोणतं हवं ते आधी माहीत असायला हवं.

आता पायरी १ चा आलेख पुन्हा काढा. टर्बो मोठा आहे आणि ४५०० च्या आधी जागाच होत नाही? वाढलेली सीसी त्याला काहीशे आरपीएम आधी जागं करेल. ही वाढ खऱ्या अर्थाने कामाची. टर्बो कंपनीचाच आणि वर बूस्ट गळतोय? मोठं इंजिन त्याला अजून लवकर दमवेल. टर्बोशिवायचं, वर पळणारं इंजिन असेल तर बहुतेक वेळा हेडचं काम, कॅम आणि नीट ट्यूनिंग यांत पैसे घालणं जास्त फायद्याचं.

गिअरही मोजा. दुसऱ्या गिअरला ८००० वर ताशी ११० किमी मिळत असतील, तर ७००० वर ९६ मिळतील. ट्रॅकवर एखाद्या वळणाआधी जास्तीचा एक गिअर टाकावा लागेल. आणि गिअरबॉक्स टॉर्कने तुटतो. १५ टक्के टॉर्क वाढवताना तो आणि क्लच आत्ता किती काठावर आहेत, याचं उत्तर तयार ठेवा.

## पायरी ५: आता ब्लॉक मोजा

इथपर्यंत 'हो' येत असेल तरच.

सगळं स्वच्छ धुऊन, ब्लॉक खोलीच्या तापमानाला आल्यावर डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर मोजा: वरच्या रिंगच्या झिजेच्या पट्ट्याखाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना: क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. चार सिलिंडरची चोवीस मापं होतात. वर-खालच्या मापांतला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. दोन्ही सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेत असतील तर सिलिंडरला बोअरिंगची गरजच नाही; होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने बारीक घासणं) आणि रिंग पुरतात.

मग भिंतीची जाडी. ती अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजतात, आणि प्रत्येक सिलिंडरला चारही बाजूंनी. ओतकामात गाभा जरा सरकला की एक बाजू जाड, एक पातळ होते. निर्णय सगळ्यात पातळ जागेवरून घ्यायचा, सरासरीवरून कधीही नाही. टर्बो इंजिनात पातळ भिंत आधी फुगते, रिंग सील सोडतात आणि मग तडा जातो.

भिंतीचा पदार्थही ओळखा. ४जी६३ चा ब्लॉक बिडाचा आहे, तो बोअर होतो. एस२००० च्या सिलिंडरला तंतूंनी मजबूत केलेल्या धातूचं अस्तर आहे. निकेल-सिलिकॉनचा लेप असलेल्या किंवा सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचंही तेच: नेहमीसारखं बोअरिंग करून नेहमीचा पिस्टन घातला की काम वाया. तिथे नवीन स्लीव्ह, पुन्हा लेप किंवा त्या पृष्ठभागाला चालणारा खास पिस्टन आणि खास प्रक्रिया लागते, आणि त्याचा खर्च निर्णयच बदलू शकतो.

इशारा: पहिल्याच बांधणीत शेवटची साइज खाऊ नका. सिलिंडर ज्या सर्वांत लहान ओव्हरसाइजला साफ होतो, तीच घ्या. 'थोडी जास्त सीसी मिळेल' म्हणून अर्ध्याऐवजी एक मिमी काढणं म्हणजे पंचवीसेक सीसीसाठी पुढची बांधणी आजच खर्च करणं.

## पायरी ६: दोन यादी, मग निर्णय

एका कागदावर मूळ मापात उत्तम बांधणीचा पूर्ण खर्च. दुसऱ्यावर सीसी वाढवून बांधणीचा, त्यात क्रँक, रॉड, पिस्टन, बॅलन्सिंग, इंजेक्टर, क्लच आणि नव्याने ट्यूनिंग धरून. दुसऱ्या यादीतून क्लच आणि ट्यूनिंग हमखास सुटतात. फरकाची रक्कम बाजूला काढा आणि विचारा: एवढ्याच पैशात टर्बो, हेड, ब्रेक, टायर यांतलं काय होईल?

माझा कल असा असतो.

वाढवा: क्रँक आधीच खराब झालाय आणि नवा घ्यायचाच आहे (मग फरक बराच कमी होतो), टर्बो मोठा आणि उशिरा जागा होणारा आहे, वापर घाटाचा, हिलक्लाइंबचा, छोट्या वळणांच्या ट्रॅकचा आहे, गिअरबॉक्स दणकट आहे.

वाढवू नका: क्रँक आणि बोअर दोन्ही मर्यादेत आहेत, गटाची सीसी मर्यादा जवळ आहे, गाडीचा जीव वरच्या आरपीएममध्ये आहे, किंवा जवळपास ट्यूनिंग करणारा भरवशाचा माणूस नाही. शेवटचं कारण लोक हसण्यावारी नेतात. माझ्या लेखी ते एकटंच पुरेसं आहे.

## पायरी ७: वाढवायचं ठरलं, तर कामाचा क्रम

१. आधी भाग हातात, मग बोअरिंग. पिस्टन येईपर्यंत ब्लॉक कोणालाही देऊ नका. पिस्टन आला की मायक्रोमीटरने स्कर्ट मोजायचा, निर्मात्याच्या कागदावर सांगितलेल्या उंचीवरच. बोअर = तो आकडा + त्याच कागदावरची फट. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याची फट कास्ट (ओतीव) पिस्टनपेक्षा मोठी असते. जुन्या सवयीने बोअरिंगवाला कास्टची फट ठेवून देतो आणि पहिल्याच दमदार रनला पिस्टन चिकटतो. आकडा लिहून द्या, तोंडी सांगू नका.

२. बोअरिंगआधी कोरडी जुळवणी. क्रँक, एक रॉड (आणि जुन्या बोअरमध्ये मावत असेल तर एक पिस्टन रिंगशिवाय; ओव्हरसाइज पिस्टन मावणार नाही) बसवा आणि हाताने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवा. रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या कडेजवळून जाताना किमान दीड मिमी मोकळीक हवी. पिस्टनखाली तेल उडवणारे जेट, क्रँकची वजनं, ऑइल पंपाचा पाइप, सगळीकडे बघा. टॉर्च खालून मारा. वरून दिसत नाही. घासायची गरज असेल तर आत्ता घासा. बोअरिंग झाल्यावर ग्राइंडर लावला तर तो किस नव्या सिलिंडरमध्ये जातो. एकच रॉड तपासून थांबू नका, चारही जागा तपासा.

३. टॉर्क प्लेट लावून होनिंग. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा वरचा भाग किंचित वाकडा होतो. प्लेट लावून, त्याच आवळीत होन केला तर हेड बसल्यावर तो गोल राहतो. प्लेटखाली तुम्ही वापरणार तीच गॅस्केट आणि तेच स्टड हवेत. मूळ बोल्टवर होन करून नंतर जाड स्टड लावले की सगळी मेहनत गेली. प्लेट नाही म्हणणाऱ्या दुकानात हे काम देऊ नका.

४. गॅस्केटचा बोअर. गॅस्केटची धातूची कडी नव्या बोअरपेक्षा मोठी हवी. कडी आत डोकावली तर ती लाल होते आणि मिश्रण वेळेआधी पेटवते. गॅस्केट ब्लॉकवर ठेवा, बोटाचं नख सिलिंडरच्या कडेने गोल फिरवा. नख कुठेही कडीला अडता कामा नये.

५. बॅलन्सिंग. पिस्टन-रॉडची वजनं जुळवून, क्रँक फ्लायव्हील, क्लच कव्हर आणि पुढच्या पुलीसह द्या. फ्लायव्हील नंतर बदलणार असाल तर आत्ताच बदला.

६. फटी मोजून बांधणी. बेअरिंगची फट जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते: ४५ मिमी जर्नलला सुमारे ०.०४५ मिमी. अंतिम आकडा मॅन्युअलचा किंवा बेअरिंगच्या निर्मात्याचा. रिंग एकेक करून ज्या सिलिंडरला जाणार त्यातच घाला, उलट्या पिस्टनने सुमारे २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फिलर गेज लावा. टर्बोला फट मोठी लागते, ८५ मिमी बोअरला ०.४३ मिमीच्या आसपास; रिंगसोबतचा कागद वेगळं सांगत असेल तर कागद पाळा. फट कमी पडली तर गरम रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टनचा काठच उखडतो. थोडी जास्त झाली तर फक्त थोडी गळती. शंका आली तर जास्तीच्या बाजूला जा.

७. व्हॉल्व्हची मोकळीक. पिस्टनवर मऊ माती थापून, हेड-गॅस्केट आवळून, टायमिंग लावून दोन फेरे द्या. हेड काढा, माती कापा, जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. कॅमही बदलत असाल तर ही पायरी सोडण्याचा विचारही करू नका.

तपासा: डिशसह उरणारी जागा मेजरिंग ब्युरेटने प्रत्यक्ष मोजा आणि पायरी ३ च्या आकड्याशी ताडा. कागदावर ८.८ आणि हातात ९.३ असं होऊ शकतं. मग बूस्ट आणि टायमिंग ठरतं ते हातातल्या आकड्यावर.

## पायरी ८: पहिली सुरुवात आणि ट्यूनिंग

जुन्या मॅपवर (ईसीयू या इंजिनाच्या संगणकातल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यावर) गाडी पळवू नका. हवेचा दाब मोजून इंधन ठरवणाऱ्या ईसीयूला इंजिन मोठं झाल्याचं कळतच नाही. तो जुन्या हिशोबाने इंधन देतो आणि मिश्रण पातळ पडतं. हवा थेट मोजणारा सेन्सर असेल तर इंधन बरंचसं सांभाळलं जातं, पण इग्निशन टायमिंग तरीही बदलावं लागतं. त्याच दाबाला सिलिंडरमध्ये आता जास्त हवा आहे. सुरुवातीचा मॅप आधी तयार करून घ्या, ईसीयूची रेडलाइन नव्या आकड्यावर बसवा, मगच किल्ली फिरवा.

स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. इंजिन सुरू झालं की गळती, तापमान आणि आवाज बघा. तासभर आयडलवर ठेवणं ही वाईट सवय आहे. नवीन रिंगना बसायला भार लागतो. कमी बूस्टवर, बदलत्या आरपीएमवर, मध्यम भार देत आणि सोडत चालवा.

पहिलं ऑइल लवकर काढा आणि फिल्टर कापा. कागदाच्या घड्या उलगडून तीव्र प्रकाशात बघा. रिंग-सिलिंडर बसताना येणारी बारीक करडी भुकटी चालते. चकचकीत पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. इंजिन तिथेच थांबवा, ऑइल पॅन उतरवा आणि बिग-एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) कॅप उघडून बघा. फिल्टर स्वच्छ असेल तर लीक-डाउन टेस्ट पुन्हा करा, पायरी १ च्या आकड्यांशेजारी लिहा आणि पूर्ण बूस्टचं ट्यूनिंग त्यानंतरच सुरू करा.